नदी उतरणें

गेल्या श्रावणांतील एका संध्याकाळची गोष्ट. बाहेर पावसाची झड लागली होती आणि अकोल्याच्या आमच्या घरीं ओसरीवर आमचे नातू इंग्रजी वाक्यांचें मराठी करीत बसले होते. वाक्यें साधींच होतीं. एकांत कोणी बाई नदी ‘क्रॉस’ करीत होती. दुसऱ्यांत एका मुलाची आई त्याच्यावर ‘क्रॉस’ झाली होती. पहिल्याचें भाषांतर ठीक जमलें. दुसऱ्याचें मात्र त्यांनीं केलें, “आई मला ओलांडून गेली.” आम्हांस हंसूं आवरलें नाहीं, तशी स्वारी आमच्यावर उसळली. “शब्द एकच आहे ना? मग तुम्हीच सांगा आजोबा, नदी ओलांडण्यांत रागावण्यासारखें काय आहे?”

प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. आयुष्यभर जो शब्द आपण वापरतों, त्याच्या कुळाची चौकशी आपण कधीं करीत नाहीं. भाड्याच्या घरांत वर्षानुवर्षें राहावें आणि मालकाचें नांव ठाऊक नसावें, तसें हें आहे. त्या रात्रीं आम्हीं कोश काढून बसलों, आणि जें हातीं लागलें त्यांतून मन भलत्याच वाटेनें आमच्या गांवाकडे व आमच्या नदीकडे गेलें. तें सर्व वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें.

‘क्रॉस’ हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे. लॅटिन भाषेंत ‘क्रुक्स’ म्हणजे ज्या लांकडी खांबावर रोमन लोक गुन्हेगारास देहान्ताची शिक्षा देत तो खांब. येशू ख्रिस्ताच्या मरणामुळें त्या भयंकर वस्तूस पावित्र्य आलें. धर्मोपदेशकांबरोबर तो शब्द आयर्लंडांत गेला, तेथें तो नॉर्स दर्यावर्दी लोकांच्या तोंडीं बसला, आणि त्यांच्याकडून इंग्लंडांत आला. इंग्रजांचा स्वतःचा जुना शब्द ‘रूड’ त्याच्यापुढें मागें पडला. आपल्या मराठींतील ‘क्रूस’ही त्याच लॅटिन घरचा, तो पोर्तुगिजांच्या गलबतांतून आला एवढाच फरक.

पुढें या नामाचें क्रियापद झालें, तेव्हां त्याचा पहिला अर्थ छातीवर क्रुसाची खूण करणें असा होता. नदीचा किंवा रस्त्याचा त्याच्याशीं कांहीं संबंध नव्हता. क्रुसाच्या दोन लांकडांतील एक उभें व एक आडवें. म्हणून एका रेघेवर दुसरी आडवी रेघ मारणें, लिहिलेलें खोडणें, एका वाटेनें दुसरीस छेदणें, हे अर्थ क्रमाक्रमानें आले. वाट वाटेला छेदते तसा माणूसही वाटेला, नदीला, समुद्राला छेदून पलीकडे जातो. तेव्हां ‘पार जाणें’ हा अर्थ आला. आणि जें आडवें असतें तें आड येतें. वारा आडवा आला, मत आडवें आलें, शेवटीं मनुष्याचा स्वभावच आडवा झाला. सतराव्या शतकापासून रागावलेल्या मनुष्यासही इंग्रज ‘क्रॉस’ म्हणूं लागले. नातवाच्या प्रश्नाचें उत्तर हें असें होतें.

आणि तें सांगतांना आमच्या ध्यानांत आलें कीं, यांत मराठी मनुष्यास नवें वाटण्यासारखें फार थोडें आहे. आपलाही ‘आडवा’ शब्द असाच नाहीं काय? मांजर आडवें जातें, काम आडवें येतें, सरळ विचारलें असतां कोणी आडवें बोलतो, आणि फारच बिनसलें म्हणजे तो आपल्याला आडवा घेतो. दोन रेघांच्या छेदांतून राग उत्पन्न होतो ही कल्पना इंग्रजांची एकट्याची नव्हे. ती ज्याच्या वाटेंत कोणी आलें अशा प्रत्येक मनुष्याची आहे.

आतां हा शब्द आपल्या बोलण्यांत इतका मुरला आहे कीं, तो परका वाटत नाहीं. रस्ता आपण ‘क्रॉस’ करतों. अकोल्याहून खांडव्याकडे मीटरगेजची आगगाडी जात होती, त्या काळीं मधल्या एखाद्या ठाण्यावर ती खोळंबली म्हणजे उतारू एकमेकांस सांगत, “क्रॉसिंग आहे.” मार्ग एकेरी, समोरून येणारी गाडी निघून जाईपर्यंत आपण थांबावयाचें. पार जाण्याचा शब्द आपल्या लोकांनीं उभें राहण्यासाठीं वापरला, आणि त्यांत कोणाचें कांहीं चुकलें नाहीं. शेतकरी बियाण्यालाही ‘क्रॉस’ म्हणतो. सुरतेच्या संशोधन केंद्रांतून १९७० सालीं ‘एच-४’ हें कपाशीचें पहिलें संकरित वाण बाहेर पडलें. आमच्या अकोल्याचें कृषि विद्यापीठ त्याच्या आदल्याच वर्षीं, १९६९ सालीं, स्थापन झालें होतें. तेव्हांपासून संकर हा शब्द पोथ्यांतून निघून वऱ्हाडांतील बांधावर आला. दोन कुळें एकमेकांस छेदतात आणि तिसरें पीक उभें राहतें. येथेंही मूळ चित्र तेंच आहे, दोन रेघांचें.

परंतु मराठीचें स्वतःचें चित्र निराळें आहे, आणि आम्हांस जें सांगावयाचें आहे तें त्याविषयीं. पलीकडे जाण्यासाठीं आपल्याजवळ एक शब्द नाहीं, चांगले चार आहेत, आणि ते एकमेकांचें काम करीत नाहींत. ‘ओलांडणें’ हें पायाचें काम आहे. उंबरठा ओलांडतात, निजलेल्या मुलास ओलांडूं नये, नाहीं तर त्याची वाढ खुंटते असें घरोघरच्या आज्या सांगतात, आणि चुकून ओलांडलेंच तर उलट पावलीं पुन्हा ओलांडावयास लावतात. ‘उल्लंघणें’ ह्यांत मर्यादेचा भंग आहे. आज्ञेचें उल्लंघन होतें. मात्र वर्षांतून एक दिवस, दसऱ्याला, तेंच उल्लंघन पुण्याचें होतें आणि लोक गांवाची शीव मागें टाकून आपट्याचें सोनें लुटावयास जातात. ‘पार पडणें’ हें कार्याचें. मुलीचें लग्न पार पडतें तेव्हां बापाचा चेहरा पाहावा, म्हणजे या शब्दांत नदी कोठें आहे तें कळतें. आणि चौथा शब्द ‘उतरणें’.

‘उतरणें’ म्हटलें कीं आज आपण माडीवरून खालीं येतों. परंतु जुने लोक नदी उतरत. संस्कृतांतील ‘तॄ’ या धातूचा अर्थच पाणी तरून पलीकडे जाणें असा आहे, आणि त्या एका धातूनें आपल्या भाषेंत केवढा संसार मांडला आहे! ज्या कांठास लागावयाचें तें तीर. जेथून उतरून जातां येतें तें तीर्थ. आज आपण तीर्थ म्हणतांना देवळाचा कळस डोळ्यांपुढें आणतों, पण शब्दानें दाखविलेला आहे तो नदीचा घाट. संसाररूपी पाण्याला असा घाट बांधून देतो तो तीर्थंकर. देव वरून खालीं येतो तो अवतार. मेलेल्या जीवास जी नदी लागते ती वैतरणी. परीक्षेच्या पलीकडे गेलेला विद्यार्थी उत्तीर्ण. आगगाडींतल्या ज्या उतारूंचा वर उल्लेख केला, ते मूळचे नदी उतरणारेच.

हा संसार आपल्याच घरापुरता नाहीं. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एका मुळाच्या भाषा असाव्यात असें सांगितलें, आणि पुढील विद्वानांनीं तें नातें शब्दाशब्दांतून जुळवून दाखविलें. लॅटिनमधील ‘ट्रान्स’ व इंग्रजींतील ‘थ्रू’ हे आपल्या ‘तॄ’ धातूचे भाऊबंद आहेत. सरकारी नोकराची ‘ट्रान्सफर’ होते तेव्हां शब्दार्थानें त्याला उचलून पलीकडे नेलेलें असतें. आणि त्यांतील ‘फर’ हा आपल्या ‘भृ’ धातूचा, म्हणजे ‘भारा’चा, सोयरा आहे हें ज्यांनीं चार मुलें व बारा गांठोडीं घेऊन अशी बदली भोगली आहे त्यांना व्याकरणावांचूनही पटेल. आपला ‘पार’ आणि इंग्रजांचे ‘फोर्ड’ व ‘फेरी’ हे एका रक्ताचे. फोर्ड म्हणजे नदींतील अशी जागा, जेथें पाणी उथळ असतें व पायीं जातां येतें. ज्या ऑक्सफर्डचें नांव ऐकून आम्ही लहानपणीं मान लववीत होतों, त्याचा अर्थ ‘बैलांचा उतार’ एवढाच आहे! असा बैलांचा उतार आमच्या गांवालाही होता. विद्यापीठ मात्र झालें नाहीं.

‘उतार’ हा शब्द येथें सहज आला, पण त्यावांचून आमचें पुढें जाणें नाहीं. नदींतील पायवाट म्हणजे उतार. चढलेला पूर ओसरणें म्हणजेही उतार. आणि तापाला, दुखण्याला, भावाला जो पडतो तोही उतारच. विष मारतो तो उतारा; वहींतून काढतात तो उतारा; शेताचा सातबाराचा उतारा तर वऱ्हाडांत लहान मुलासही ठाऊक आहे; आणि लेकराची दृष्ट काढून, जेथें वाटा एकमेकींस छेदतात तेथें नेऊन ठेवतात तोही उतारा. इंग्रजांचा क्रूस आणि आमची नदी अशीं त्या तिठ्यावर एकत्र येतात.

वऱ्हाडाची भूमि हीच दोन नद्यांच्या मधली. पूर्णा सातपुड्यांतून खालीं येते आणि अमरावती व अकोला हे जिल्हे ओलांडीत पश्चिमेस तापीकडे जाते. वर्धा पूर्वेची बाजू धरून दक्षिणेस वळते. एकीचें पाणी एका समुद्रास, दुसरीचें दुसऱ्या. १८०३ सालीं नोव्हेंबरांत अडगांवची लढाई झाली, डिसेंबरांत गाविलगड पडला, आणि देवगांवच्या तहानें वर्धा नदी ही नागपूरकर भोसले व निजाम यांच्या मधली सरहद्द ठरली. १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला, १९०२ च्या करारानें तो कायमचा त्यांच्याकडे राहिला, आणि १९०३ मध्यें मध्यप्रांतास जोडला गेला. म्हणजे शंभर वर्षें ही नदी दोन राज्यांच्या मधून वाहत होती. नकाशावर ती रेघ होती. पण वर्धेच्या कांठीं कौंडिण्यपूर आहे, त्याला लोक रुक्मिणीचें माहेर मानतात, आणि माहेर म्हटलें म्हणजे नदी सरहद्द राहत नाहीं, वाट होते. त्याच नदीवर आगगाडीचा पूल झाला तेव्हां पैलतीरीं वसलेल्या वस्तीचें नांवच पुलगांव पडलें. गांवाला नदीचें किंवा देवाचें नांव न मिळतां पुलाचें मिळावें, इतका तो पूल लोकांना मोठा वाटला. तो मोठा कां वाटला असेल हें आम्हांस ठाऊक आहे.

आमचें गांव पूर्णेच्या उत्तर कांठीं. मोठ्या रस्त्यावरचा पूल तेथून लांब. उन्हाळ्यांत गुडघाभर पाण्यांतून गाड्या पलीकडे जात. आषाढ लागला कीं उतार मोडे, आणि मग भोयांचा डोंगा चाले. पुराच्या दिवशीं भोई हात जोडून सांगे, “आज माय उतरूं देनार नाई.” ‘नदीला पूर आहे’ असें तो म्हणत नसे. नदी उतरूं देते किंवा देत नाहीं; मनुष्यानें विचारावें आणि तिनें सांगावें, असा तो व्यवहार होता.

आम्ही नऊ-दहा वर्षांचे असूं. भाद्रपद महिना होता. आमची सहा वर्षांची धाकटी बहीण मुदतीच्या तापानें अंथरुणास खिळली होती. वडील कामासाठीं अकोल्यास गेलेले. तापाचें मान वाढलें तसा आईनें शेवटच्या डोंग्याबरोबर निरोप धाडला, आणि त्याच रात्रीं पूर्णा दोन्ही कांठ सोडून शेतांत शिरली. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं पल्याड कंदील दिसला. वडील डॉक्टरांना घेऊन आले होते आणि पैलतीरीं एका झोपडींत उतरले होते. मधें ती काळी, गढूळ, झाडें वाहून नेणारी नदी.

आमच्याकडे काम एवढेंच होतें कीं, नदीवर जावें, भोयांना विचारावें आणि परत येऊन सांगावें. घरांत शिरलों कीं आई विचारी, “उतार पडला का रे?” नदीवर गेलों कीं भोई विचारीत, “उतार पडला का?” आम्ही दोन्हीकडे सारखेंच उत्तर देत होतों, “अजून नाहीं.” कोण नदीविषयीं विचारतो आणि कोण तापाविषयीं, हें निराळें करून पाहण्याचें तें वय नव्हतें, आणि आज वाटतें, आईलाही तें निराळें करतां येत नसावें. आजीनें तिन्हीसांजेला भात, लिंबू, कुंकू घेऊन उतारा काढला आणि तिठ्यावर नेऊन ठेवला.

तिसऱ्या दिवशीं पहांटे पाणी खुणेच्या दगडाखालीं गेलें. भोयांनीं डोंगा लोटला. आम्ही चिखल तुडवीत धांवत घरीं आलों आणि दारांतूनच ओरडलों, “उतार पडला!” आई अंथरुणाशीं बसली होती. तिनें बहिणीच्या कपाळावरचा हात काढला नाहीं. “हो,” ती म्हणाली, “इकडेही पडला.” अर्ध्या घटकेनें डॉक्टर आले, तेव्हां त्यांना करण्यासारखें कांहीं राहिलें नव्हतें.

पुढें कित्येक वर्षांनीं आमच्या गांवाजवळ पूल झाला. आई त्यावरून पहिल्यानें गेली ती आमच्याबरोबर, एस. टी. च्या मोटारींतून. पूल संपतां संपतां तिनें पदराची गांठ सोडली, दोन नाणीं काढलीं आणि खिडकींतून नदींत टाकलीं. एक नाणें तर सगळेच टाकतात. दुसरें कशाला, असें आम्हीं विचारलें नाहीं. नंतर ती म्हणाली, “किती लवकर झालें रे!” आमच्या कानांत तें वाक्य आजही आहे. मोटार नदीवरून दोन मिनिटांत गेली होती. पण ती कोणत्या अंतराविषयीं बोलत होती हें आम्हांस कळलें होतें.

त्या पुलानें आमच्या गांवांतला ‘नदी उतरणें’ हा शब्द मारला. भोई शेतमजुरीला लागले, डोंगा कोणाच्या तरी सरपणांत गेला, आणि उतार फक्त तापाला व भावाला राहिला. आज आमचा नातू नदी ‘क्रॉस’ करतो, आणि त्यांत त्याचें चुकतें असें आम्हांस म्हणवत नाहीं. पुलावरून जाणारा मनुष्य खरोखरच एक रेघ दुसरीवर मारतो. खालीं पाणी किती, हें त्याला पाहावें लागत नाहीं, मग विचारावें लागणें दूरच. जशी वाट, तसा शब्द.

शब्द गेल्याबद्दल हळहळणें हा आमच्यासारख्या वृद्धांचा छंद आहे. मराठी कशी बाटली, जुने शब्द कसे बुडाले, यावर आम्हीही चार ठिकाणीं बोललों असूं. परंतु या एका शब्दाशीं येऊन आमची जीभ अडते. ‘उतरणें’ जिवंत होतें तें नदी आम्हांला अडवीत होती म्हणून. त्याच्या अर्थांत जी धाकधूक भरली होती ती कोणाच्या तरी लेकराच्या जिवानें भरली होती. तो शब्द परत यावा म्हणून पूल पडावा असें कोण म्हणेल? २०२२ सालीं अकोला-अकोट रस्त्यावर गांधीग्रामच्या जुन्या पुलाला तडे गेले आणि तो वाहतुकीस बंद करावा लागला, तेव्हां रोजच्या येणाऱ्या-जाणाऱ्यांची जी तारांबळ उडाली ती आम्हीं ऐकली. त्याच गांधीग्रामाहून श्रावणाच्या शेवटच्या सोमवारीं हजारों लोक पूर्णेचें पाणी कावडीनें खांद्यावर घेऊन अकोल्यास राजराजेश्वरावर वाहावयास येतात. नदीला असें माथ्यावर घेणारा मुलूखसुद्धां तिच्यावर पूल हवा म्हणतो, आणि त्याचें दोन्ही बाबतींत बरोबर आहे.

मग करावयाचें काय? आम्हांस वाटतें, शब्द वापरांतून गेला तरी त्याचा अर्थ ठाऊक असावा. तीर्थ म्हणतांना घाट आठवावा, ‘उत्तीर्ण’ म्हणतांना ओले पाय आठवावे, आणि कोणी ‘उतार पडला’ म्हटलें तर त्यानें कोणाच्या उशाशीं रात्री काढल्या असतील हें क्षणभर मनांत यावें. एवढें राहिलें तर पुरे आहे.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं नातवास हें सगळें, शेवटची गोष्ट वगळून, सांगितलें. ऑक्सफर्डवर तो पोट धरून हंसला. मग वही पुढें ओढून त्यानें विचारलें, “म्हणजे मी काय लिहूं? बाईनें नदी क्रॉस केली, ओलांडली, कीं उतरली?”

“पूल असेल तर ओलांडली लिही,” आम्ही म्हणालों. “पूल नसेल आणि तिला पाण्यांतून जावें लागलें असेल, तरच उतरली.”

त्यानें थोडा विचार केला. “आमच्या पुस्तकांतल्या नदीवर पूल आहे. चित्रांत दिसतो.”

“मग ओलांडली,” आम्ही म्हणालों, आणि त्यानें तसें लिहिलें.